लूनाचं इंजिन

परवा रविवारी ताईचा फोन आला. ताई गेली अठरा वर्षं इंग्लंडात आहे, मिल्टन कीन्स नावाच्या गावी. आई गेल्यापासून बाबा उन्हाळ्याचे चार-पाच महिने तिच्याकडे राहतात. फोनआधी तिने एक फोटो पाठवला होता. बाबा, वय वर्षे ७८, डोक्यावर हेल्मेट, अंगात नागपूरहून नेलेला स्वेटर, आणि बुडाखाली चक्क तीन चाकांची सायकल! मागच्या दोन चाकांच्या मधे मोठी टोपली, टोपलीत दुधाचा कॅन आणि ब्रेड.

"मोटरवाली आहे," ताई म्हणाली. "मागच्या वर्षी साध्या सायकलवरून पडले, तेव्हापासून घरातच बसून होते. आता रोज दोन तास गायब असतात."

मिल्टन कीन्समध्ये सायकलवाल्यांसाठी लाल रंगाच्या वाटांचं मोठं जाळं आहे, त्यांना रेडवेज म्हणतात. बाबा त्या वाटांवरून हिंडतात. पायडल मारायचंच, पण चढ आला की मोटर हातभार लावते.

मग बाबांनी फोन घेतला. मला वाटलं, आता अर्धा तास कौतुक ऐकायचं. सुरुवात तशीच झाली. "अरे, याला लायसन नाही, नंबरप्लेट नाही, टॅक्स नाही, इन्शुरन्सची सक्ती नाही. चौदा वर्षांचं पोरगंसुद्धा चालवू शकतं म्हणे!" आणि मग जरा थांबून म्हणाले, "तुला ते शाळेचे रिक्षावाले काका आठवतात का रे? त्यांनी मला एकदा विचारलं होतं..."

काका आठवत नाहीत असं कसं होईल?

आमच्या पिढीच्या नागपूरकरांना सायकलरिक्षाबद्दल वेगळं सांगायला नको. पुण्या-मुंबईच्या मंडळींसाठी सांगतो. महाराष्ट्रात सायकलरिक्षा खऱ्या अर्थाने रुळली ती आमच्याकडे. सकाळी आठ पोरं कोंबून काका आम्हाला शाळेत न्यायचे. मूळचे राजनांदगावकडचे. मधे रेल्वेचा पूल लागायचा. पुलाच्या चढणीला काका सीटवरून उतरायचे, एक हात हँडलला, दुसरा सीटच्या मागे, आणि ओढायला लागायचे. आम्ही मोठी पोरं, म्हणजे चौथीतली, उड्या मारून मागून ढकलायचो. लहान पोरं बसून राहायची. पुलाच्या माथ्यावर पोचलं की काका गमछाने तोंड पुसायचे आणि सगळ्यांना परत बसवायचे. उतारावर वारा लागायचा, आम्ही ओरडायचो. आमच्या दृष्टीने तो खेळच होता.

तर १९९० च्या सुमारास काकांनी बाबांना विचारलं होतं, "साहब, इसमें लूना का इंजन बैठ जाएगा क्या? बस पुल पे चलाऊंगा."

बाबा सरकारी खात्यात होते. काकांच्या मते सरकारी माणसाला सगळे कायदे ठाऊक असतात. बाबांनी सांगितलं, "बसेल, पण ती मग मोटारगाडी झाली. आरटीओचा नंबर लागेल, लायसन लागेल, टॅक्स भरावा लागेल. आणि रिक्षाचा परवानाही जाईल. नका त्या भानगडीत पडू." काका "ठीक है साहब" म्हणाले आणि गेले. पुढच्या वर्षी त्यांच्या जागी दुसराच रिक्षावाला आला. काका गावी गेले असं कोणीतरी म्हणालं. पुढचं आम्हाला कधी कळलं नाही.

"आणि आज मी," बाबा म्हणाले, "मागे दूध-ब्रेड घेऊन मोटर लावून फिरतोय. ना लायसन, ना नंबर."

फोन ठेवला तरी ते डोक्यातून जाईना. मग मी हा कायदा आला कुठून, ते खणायला बसलो. जे हाती लागलं ते इथे मांडतो.

सुरुवात बाबांच्या सायकलपासूनच करू. ब्रिटनमध्ये १९८३ पर्यंत सायकलला मोटर लावली की ती कायद्याने मोपेड व्हायची. त्या वर्षी नियम निघाले आणि मोटरचा आधार असलेल्या पायडल सायकलींना मोटारगाड्यांच्या जंजाळातून बाहेर काढलं. अटी अशा : पायडल हवंच, मोटरचा वेग ताशी १५ मैलांपर्यंत, चालवणारा निदान १४ वर्षांचा. आणि गंमत पुढे आहे. दोन चाकी सायकलला २०० वॉटची मोटर आणि ४० किलो वजन. तीन चाकी असेल तर २५० वॉट आणि ६० किलो. म्हणजे नियम लिहिणाऱ्याला तिसऱ्या चाकाबरोबर वजन येतं हे माहीत होतं, आणि त्याने तेवढ्यासाठी ५० वॉट जास्त दिले होते.

या ५० वॉटवर एका माणसाने मोठा डाव लावला. ते सर क्लाइव्ह सिंक्लेअर. ज्यांनी ऐंशीच्या दशकात झेडएक्स स्पेक्ट्रम हा घरगुती कॉम्प्युटर पाहिला असेल त्यांना हे नाव आठवेल. १० जानेवारी १९८५ ला लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमध्ये त्यांनी 'सी-फाइव्ह' नावाचं वाहन लोकांसमोर आणलं. तीन चाकं, २५० वॉटची मोटर, ताशी १५ मैल, पायडल. नियमाचा कागद समोर ठेवून, त्याच्या मापाने शिवलेला सदरा! किंमत ३९९ पौंड. वेल्समधल्या मर्थिर टिडफिल गावी, वॉशिंग मशीन बनवणाऱ्या हूवर कंपनीच्या कारखान्यात ते तयार व्हायचं.

पुढे काय झालं ते प्रसिद्धच आहे. बाहेर बर्फ, थंडीने बॅटरी दम टाकायची, चढावर मोटर तापायची. बसायची जागा इतकी खाली की शेजारून ट्रक गेला तर त्याचं चाक डोक्याच्या उंचीला. लोक हसले. सुमारे १४ हजार वाहनं बनली आणि ऑगस्ट १९८५ मध्ये उत्पादन बंद पडलं. कायद्याने जे जे मागितलं होतं ते सगळं त्या गाडीत होतं. रस्त्याने जे मागितलं ते मात्र नव्हतं.

वाहन गेलं, नियम राहिला. २००२ मध्ये युरोपीय संघाने २५० वॉट आणि ताशी २५ किलोमीटर ही मर्यादा धरली : पायडल थांबलं की मोटरही थांबली पाहिजे आणि वेग वाढत गेला की तिचा जोर कमी होत गेला पाहिजे. ब्रिटनने २०१५ मध्ये आपले नियम सुधारले. दोन चाकीलाही २५० वॉट दिले, वजनाची अट काढून टाकली आणि तीनहून जास्त चाकांच्या सायकलींनाही मुभा दिली. बाबांची टोपलीवाली सायकल या दाराने रस्त्यावर आली.

आता आपल्याकडे येऊ. आपला मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्यात मोटार वाहनाची व्याख्या करताना एक सूट आहे : चारपेक्षा कमी चाकं आणि ठरावीक सीसीपेक्षा लहान इंजिन असेल तर ते मोटार वाहन नाही. आधी ही मर्यादा ३५ सीसी होती, १९९४ च्या दुरुस्तीत २५ झाली. पण विजेच्या मोटरला सीसी कुठून आणणार? तिच्यात सिलिंडरच नसतो. ही फट २००५ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून बुजवली गेली. बॅटरीवर चालणाऱ्या वाहनाच्या मोटरची सलग अर्धा तास देता येईल अशी शक्ती २५० वॉटपेक्षा कमी आणि वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी असेल, आणि तशी तपासणी झालेली असेल, तर ते मोटार वाहन धरायचं नाही. युरोपातले तेच दोन आकडे.

आकडे म्हणून ते वाईट नाहीत. मी थोडं गणित करून पाहिलं. (आत्या, तू हा परिच्छेद सोडून पुढे गेलीस तरी चालेल!) दिवसभर राबणारा धट्टाकट्टा माणूस सलग ७५ वॉटच्या आसपास काम देऊ शकतो. बाबा आणि त्यांची सायकल मिळून धरा शंभर किलो. तीस फुटांना एक फूट अशा चढणीवर चालत्या माणसाच्या वेगाने जायला पन्नास-साठ वॉट पुरतात. म्हणजे २५० वॉट म्हणजे चैनच.

आता तीच चढण आणि तोच वेग, पण गाडी काकांची. रिक्षा ८० किलो, काका ५५, दोन मोठी माणसं १२०. एकूण २५५ किलो. नुसतं वजन वर न्यायला ११५ वॉट, चाकांचं घर्षण धरून दीडशेच्या वर. म्हणजे एका माणसाच्या दुप्पट. म्हणून काका उतरायचे, म्हणून आम्ही ढकलायचो. त्या पुलावर काकांना कमी पडत होते फक्त शंभरेक वॉट, ते पण पाच मिनिटांसाठी.

हे ओळखणारे लोक आपल्याकडे होते, आणि अगदी आपल्या महाराष्ट्रात होते. सातारा जिल्ह्यातल्या फलटणला निंबकर कृषी संशोधन संस्था आहे. तिथे डॉ. अनिल राजवंशी यांनी १९९० च्या दशकात सायकलरिक्षा हा विषय हाती घेतला. त्यांचं म्हणणं साधं होतं : रिक्षाचा सांगाडा, गिअर, ब्रेक यांचा कोणी इंजिनिअरने कधी विचारच केलेला नाही. त्यांच्या संस्थेने तीन नमुने बनवले. एक सुधारलेली पायडल रिक्षा, दुसरी पायडलला मोटरचा आधार असलेली, आणि तिसरी पूर्ण विजेवरची 'एलेक्शा'. २००२ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये त्यांनी याबद्दल लिहिलं. यातली दुसरी रिक्षा म्हणजे काकांनी बाबांना जे विचारलं होतं तेच, फक्त लूनाच्या इंजिनाऐवजी विजेची मोटर. फलटणचं नाव मला आजवर फक्त साखर कारखान्यांसाठी ठाऊक होतं, याची वाचताना लाज वाटली.

पुढे २००८ मध्ये, गांधीजयंतीला, दिल्लीच्या चांदनी चौकात 'सोलेक्शा' आली. दुर्गापूरच्या केंद्रीय यांत्रिक अभियांत्रिकी संशोधन संस्थेची ही रिक्षा. पायडल आहेच, सोबत सौर ऊर्जेवर भारलेल्या बॅटरीची मोटर. कौतुक झालं, फोटो छापून आले, पण रस्ते भरून टाकील इतकी ती कधी पसरली नाही.

रस्ते भरले ते दुसऱ्याच रिक्षेने. २०१० नंतर दिल्लीत चिनी सुटे भाग जोडून बनवलेल्या बॅटरी रिक्षा हजारोंनी धावू लागल्या. पायडल नाही. चार सवाऱ्या, कधी सहा. विकणारा सांगायचा, "ढाईसौ वॉट है, लाइसेंस की जरूरत नहीं." पण चालक, सवाऱ्या, बॅटऱ्या, सांगाडा मिळून पाचशे-साडेपाचशे किलो होतात. सपाट रस्त्यावर ताशी २० किलोमीटरने एवढं ओझं न्यायचं तर साडेचारशे वॉट सहज लागतात. प्रत्यक्षात मोटरी ६५० वॉट आणि त्याहून मोठ्या होत्या. सायकलच्या मापाचा नियम रिक्षाच्या अंगावर चढवला होता, तो उसवणारच होता. आणि तो उसवलेला सगळ्यांना दिसत होता.

जून २०१४ मध्ये आमच्या नागपूरचे खासदार आणि नवे रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी दिल्लीच्या रामलीला मैदानावर जाहीर केलं की ६५० वॉटपर्यंतच्या रिक्षा मोटार वाहन धरल्या जाणार नाहीत. पुढच्याच महिन्यात दिल्लीच्या त्रिलोकपुरी भागात एका बॅटरी रिक्षाची धडक बसली. आईच्या हातातलं लहान मूल मिठाईच्या दुकानातल्या उकळत्या पाकात पडलं आणि गेलं. ३१ जुलै २०१४ ला दिल्ली उच्च न्यायालयाने या रिक्षांवर बंदी घातली.

ही बातमी वाचल्यावर मी बराच वेळ पुढे काही वाचलं नाही. काकांच्या बाजूने मनात जो वकील उभा केला होता, तो खाली बसला. अर्धा टन ओझं, सायकलच्या दर्जाचे ब्रेक, आणि चालवणाऱ्याला काही शिकवलेलं नाही. कायदा नंबर मागतो, लायसन मागतो, ते काही कोणाला छळण्यासाठीच नव्हे. बाबांनी १९९० मध्ये दिलेलं उत्तर निव्वळ सरकारी खाक्याचं नव्हतं. त्या आठ पोरांमध्ये मी पण होतो.

पुढचा इतिहास भराभर घडला. ८ ऑक्टोबर २०१४ ला नवे नियम आले : ई-रिक्षाला २००० वॉटपर्यंत मोटर, चार सवाऱ्या, ४० किलो सामान, ताशी २५ किलोमीटर. जानेवारी २०१५ मध्ये वटहुकूम आणि मग कायद्यातच दुरुस्ती. चालकाला प्रशिक्षण, लायसन, गाडीची नोंदणी. ई-रिक्षा मोटार वाहन झाली, पण तिच्यासाठी वेगळी, सोपी खोली बांधली. हे चांगलंच झालं. आज नागपूरला स्टेशनबाहेर उतरा, दारात ई-रिक्षाच उभ्या असतात.

पण बघा, यात काय हरवलं. एका टोकाला २५० वॉटची सायकल, कागदपत्रं नकोत. दुसऱ्या टोकाला २००० वॉटची ई-रिक्षा, पायडल नको. मधली जी गाडी होती, माणूस पायडल मारतोय आणि फक्त चढणीला मोटर हात देतेय, वेग धावत्या माणसाइतका, ब्रेक नीट, फलटणला आणि दुर्गापूरला विचार करून बनवलेली, तिच्यासाठी खोलीच नाही. ब्रिटनमध्ये कोणीतरी तिसरं चाक मोजलं आणि ५० वॉट वाढवून दिले. आपण आकडा उचलला, पण मागच्या सीटवर कोण बसलंय ते मोजलं नाही. जो एकटा स्वतःला वाहून नेतो त्याच्यासाठी सवलत निघाली. जो दुसऱ्यांना वाहून नेतो त्याला आधी मिळालं "नका त्या भानगडीत पडू", आणि मग मिळाली ती थेट मोटारगाडी.

या व्याख्या किती दूरवर पोचतात त्याचं आणखी एक उदाहरण आपल्या जवळचंच आहे. माथेरानला २००३ च्या पर्यावरण अधिसूचनेमुळे वाहनांना बंदी आहे. हेतू उत्तम. पण ई-रिक्षा हेही वाहनच. त्यामुळे एकविसाव्या शतकातही माणसं माणसांना हाताने ओढत, ढकलत लाल मातीचे चढ चढत राहिली. हातरिक्षा ओढणारेच आम्हाला ई-रिक्षा द्या म्हणून सर्वोच्च न्यायालयात गेले. २०२२ मध्ये प्रायोगिक परवानगी मिळाली. ६ ऑगस्ट २०२५ ला तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने ही प्रथा माणुसकीला धरून नाही असं सांगत ती सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. मी माथेरानला दोनदा गेलोय. एकदा आईला गुडघ्यामुळे त्या हातरिक्षेत बसवलं होतं. चढ आला तसं मी मागून ढकलायला लागलो, तर ओढणारा म्हणाला, "राहू द्या साहेब, तुमच्याने आमची लय तुटते."

असो.

हे सगळं लिहून झाल्यावर काल बाबांना फोनवर वाचून दाखवलं. १९८३, १९८८, २००५, २०१४, सगळं त्यांनी शांतपणे ऐकलं. त्रिलोकपुरीच्या ठिकाणी "अरेरे" म्हणाले. मग विचारलं, "म्हणजे मी त्याला सांगितलं ते बरोबरच होतं ना?"

"बरोबरच होतं बाबा. तेव्हाच्या कायद्याने दुसरं काही सांगताच आलं नसतं."

"हं." मग बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटलं फोन कट झाला.

"पण एक सांगू का," म्हणाले, "मी त्याला 'बघतो, विचारतो' एवढंसुद्धा म्हणालो नाही रे. लगेच नाही म्हटलं. मला त्या पुलावरून कधी काही ओढत न्यावं लागलं नव्हतं ना."

मी काही बोललो नाही. तेच पुढे म्हणाले, "इथं तळ्याकडून येताना एक चढ आहे. मोटर चालू होते ना, तेव्हा आवाज येत नाही. नुसतं असं वाटतं, की मागून कोणीतरी उतरून ढकलतंय."